तुळसाच्या गच्चीवरचं मशीन

तव्यावरची तांदळाची भाकरी टम्म फुगली. तुळसाने ती उचलून फडक्यात ठेवली, फडक्याचं दुसरं टोक वर ओढलं आणि त्यावर टोपलीचं झाकण ठेवलं. बाहेरच्या खोलीत वाफेचं मशीन घरघरत होतं. तिच्या नातीच्या, कृतिकाच्या तोंडावर त्याचा मास्क होता. तुळसाची सून मेघना एका हाताने तो धरून दुसऱ्या हाताने पोरीची वेणी सोडवत होती. सात वर्षांची कृतिका श्वास घेताना खांदे वर उचलायची. ते खांदे तुळसाला स्वयंपाकघरातूनही दिसायचे.

"आज शाळा नको," मेघना म्हणाली.

"परवा पन नको, आज पन नको," तुळसाचा नवरा गोपीनाथ टीव्हीसमोर बसून बशीतला चहा फुंकत म्हणाला. "शालेवाले नाव काढतील तवा कलंल."

"पहाटेपासून बसून आहे ती, बाबा. आडवं केलं की खोकला येतो."

"माझ्या आज्यापासून सगली याच हवेत वाढली. कोन मेला?"

"आज्याच्या वेळी नाल्यापलीकडे भात होता," मेघना वेणीकडे बघत पुटपुटली. ऐकू गेलं तर जावं, पण सून उलटून बोलली असं कुणाला म्हणता येऊ नये, एवढ्याच आवाजात.

तेवढ्यात जाळीच्या दारावर कुणीतरी बोटं वाजवली. गावातलं माणूस दार वाजवत नाही, अंगणातूनच हाक मारत आत येतं. म्हणून दार वाजलं की तुळसाला कळायचं, वैशाली आली. ती कॉलेजात संशोधन करणारी मुलगी, कल्याणला नेतिवलीच्या चाळीत वाढलेली. दर महिन्याला यायची, चपला नीट भिंतीला लावून काढायची आणि चहा घेतल्याशिवाय जायची नाही. तुळसाला ती आवडायची. आज मात्र तिच्या खांद्याला भली मोठी रिकामी बॅग होती. तुळसाचं लक्ष आधी त्या बॅगेकडेच गेलं.

"गच्चीवरचं मशीन न्यायला आलेय, मावशी," वैशाली म्हणाली. "वर्ष झालं ना. आणि रिझल्टही सांगायचाय."

गोपीनाथने टीव्ही बंद केला. मेघनाचा हात वेणीतच थांबला.

हे मशीन म्हणजे पाण्याच्या जारएवढा एक पांढरा डबा. गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर तो गोपीनाथच्या गच्चीवर आला. डोंबिवलीच्या पूर्वेला त्यांचं गाव जिथं संपतं तिथं नाला आहे आणि नाल्यापलीकडे कारखाने. तिथली हवा कशी आहे ते बघायला कॉलेजने आसपासच्या काही घरांवर असे डबे बसवले होते. डबा बनवला इंजिनिअरिंगवाल्यांनी. आतल्या कागदावर बसलेली धूळ आणि नळीत धरलेली हवा तपासणार केमिस्ट्रीवाले. आणि अधूनमधून एक डॉक्टरीणबाई येऊन घरातल्या सगळ्यांना एका नळीत फुंकायला लावायच्या. हवेत काय आहे आणि छातीत काय होतंय, ते एकमेकांशी जुळवून बघायचं होतं. गोपीनाथने पहिल्यांदा फुंकलं ते एवढ्या जोरात की डॉक्टरीणबाई हसल्या. कृतिकाने फुंकलं तेव्हा त्या हसल्या नाहीत.

प्रफुल्लने, म्हणजे कृतिकाच्या बापाने, तेव्हाच टिटवाळ्याला भाड्याची जागा बघून ठेवली होती. गोपीनाथ ऐकायला तयार नव्हता. बापाच्या नावावर एवढी जागा, वर चाळीच्या खोल्या, आणि पोरगा दुसऱ्याच्या घरात भाड्याने राहणार? गाव तोंडात शेण घालेल. महिनाभर घरात धुसफूस चालली. मग एकदा जेवताना गोपीनाथच म्हणाला, "आथा मशीन बसवलीय ना? मशीन सांगंल तसं करू. हवा खराब निंगाली तं मी सोता टेम्पो बोलवीन. नाय निंगाली तं टिटवाल्याचं नाव काडायचं नाय." गोपीनाथ अडेल होता, पण शब्द फिरवणारा नव्हता. प्रफुल्लने मान हलवली. त्यानंतर मेघना गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली की त्या डब्याकडे अशी बघायची, जसं काही त्याच्या आत कुणी बसलेलं आहे आणि ते एक दिवस बाहेर येऊन तिच्या बाजूने बोलणार आहे.

वैशालीने पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"तुमच्या घरचे आकडे सगळ्यांत चांगले आलेत, काका. बाकी कुठल्याच घरी एवढी स्वच्छ हवा नाही. मर्यादेच्या बरीच आत आहे." मग मेघनाकडे बघून तिचा आवाज खाली आला. "ताई, म्हणजे कृतिकाचं कारण दुसरं काही असेल. घरातली धूळ, गोधड्या, फोडणीचा धूर. डॉक्टरांना दाखवत राहा."

"ऐकला?" गोपीनाथ म्हणाला. त्यात कुचकेपणा नव्हता. उलट छातीवरचं ओझं उतरावं तसा तो खुर्चीत मागे टेकला. "मशीन बोलली. आथा गोधड्या उनात टाका आनि पोरीला शालंत धाडा."

मेघनाने मास्क थोडा सरळ केला. 

तुळसाला मात्र गोधड्यांचं लागलं. तिच्या घरात धूळ? तिच्या गोधड्या दर अमावास्येच्या आत उन्हात पडायच्या आणि पुन्हा चादरीत बांधून फडताळात जायच्या. उघडं पडलेलं तिला काही बघवतच नसे. टीव्हीला अभ्रा, मिक्सरला टोपडं, गॅसच्या टाकीला झालरीचा झगा. प्रफुल्ल लहानपणी चिडवायचा, "आई, बाबांना पण एक शिव."

ही सवय माहेरची. तिचं माहेर कोपरीचं. वडील मिठागरात कामाला. खाडीकडे मिठाच्या पांढऱ्या राशी लागायच्या आणि अवेळी ढग दिसला की वडील बांधावरून ओरडायचे, "झाका गो!" घरातली पोरं असतील तशी पळायची. कुणी पेंढा ओढायचं, कुणी माडाच्या झावळ्या. जी रास झाकायची राहिली ती गेली, सगळ्या हंगामाची मेहनत पाण्याबरोबर पुन्हा खाडीत. एकदा धाकटा भाऊ तापाने फणफणला होता म्हणून आई त्याच्यापाशी बसली आणि एक रास उघडी राहिली. वडील आईला बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी नुसते त्या ओल्या जागेवर उभे राहिले. तुळसा तेव्हा कृतिकाएवढी होती. तेव्हापासून तिच्या हाताला हेच वळण पडलं. आधी झाकायचं, मग विचार करायचा.

"चल बाय, काडू या तुजी मशीन," ती वैशालीला म्हणाली आणि पुढे होऊन जिना चढली.

गच्चीवर ऊन कोवळं होतं. जाळीखाली जवळा वाळत होता. दिवाळी होऊन गेली होती, थंडी आत्ता कुठे पडायला लागली होती. वैशालीने पाना काढला आणि डब्यावर हात फिरवला.

"काय ठेवलंय हो मावशी. बाकीच्यांकडे बघा, कबुतरांनी घाण केलीय, एकांनी तर त्यावर टॉवेल वाळत घातले. तुमचं कालच आणल्यासारखं आहे."

तुळसाला बरं वाटलं. "तूच बोल्लेली ना, नाजूक हाय, आतला भाग परदेशातनं आनलाय, जपा मावशी. मंग जपली. वास आला का झाकून टाकायची."

एक बोल्ट निघाला. दुसऱ्यावर पाना थांबला.

"कसला वास?"

"पहाटंचा गो. नाल्याकडनं येतो त्यो. कुजल्या अंड्यासारका. तुना नाय म्हाईत, तू येतेस दिवसाची." तुळसा टाकीपाशी गेली आणि मागून निळा प्लास्टिकचा टब ओढून काढला. टबात घडी घातलेलं जुनं लुगडं होतं. "मशीन आली त्याच्या आधी काय झाला सांगतंय. देवाचा तांब्या चिंचेनं घासून ठेवलेला, सकाली बघतंय तं काला. माझी जोडवी काली. मंग मी बोल्ली, तांब्याला खातंय, चांदीला खातंय, तं या मशीनचं काय ठेवनार? मानसानं भरोशावर ठेवलेली वस्तू. म्हून वास आला का उठायची, पयले कृतिकाची खिडकी लावायची, मंग वर येऊन हिला लुगडं गुंडालायची. वर टब. वास गेला का काडायची."

"रोज?"

"रोज नाय. थंडीत लय यायचा. पन एक डाव चुकली नाय."

वैशाली कठड्यावर बसली. तिने हातातल्या पान्याकडे बघितलं, मग नाल्याकडे. नाल्यापलीकडे कारखान्यांच्या चिमण्या होत्या आणि या वेळी त्यांतून काही म्हणजे काही येत नव्हतं.

"मावशी, थंडीत कितीतरी पहाटे तुमच्या घरचा आकडा एकदम सपाट यायचा. काहीच नाही, सरळ रेघ. आम्हाला वाटलं, तुमच्याकडे लाइट जात असेल. तेवढे तास आम्ही हिशेबातून काढून टाकले."

"मंजे?"

"म्हणजे हवा खराब असायची, तेव्हा मशीनने ती बघितलीच नाही."

तुळसाच्या हातात लुगडं होतं. निळ्या काठाचं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं. तिने ते उगाच पुन्हा एकदा घडी घातलं. तिला राहून राहून वाटत होतं, आता ही पोरगी हसेल आणि म्हणेल, काही नाही मावशी, असं होतं कधी कधी, दुरुस्त करून टाकते. शिकलेल्या माणसांकडे दुरुस्तीचं काहीतरी असतंच.

"मंग सांग की तुमच्या सरांना," ती म्हणाली. "मी सांगतंय ना, वास व्हता. तांब्या दाखवतंय."

"सांगणार आहे. आजच सांगणार. पण तांब्या बघून सर काय लिहिणार? आकडा लागतो."

"बाकीच्या घरांवं आला आसंल आकडा."

"नाल्याच्या काठाला तुमचं एकच घर होतं, मावशी. बाकीची सगळी रस्त्यापलीकडे. पेपर पाठवून झालाय, तिन्ही विभागांच्या सरांच्या सह्या झाल्यात. मशीन परवा दुसऱ्या गावी, दुसऱ्या कामाला चाललंय. आणि माझं काम तर या महिन्यात संपतंच." वैशालीने पाना हातात फिरवला. "चूक माझी आहे. जपा म्हणाले मी तुम्हाला. उघडं ठेवा, म्हणायचं राहिलं."

तुळसाने लुगडं कठड्यावर ठेवलं. तिने वैशालीच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग स्वतःच मशीनचा डबा धरून उभी राहिली, म्हणजे उरलेले बोल्ट काढायला वैशालीला सोपं जावं.

खाली आल्यावर तिने गोपीनाथला सगळं सांगितलं. पदर चोळत, उभ्या उभ्याच. लुगडं, टब, पहाटेचा वास, सरळ रेघ.

गोपीनाथ खुर्चीत पुढे सरकला.

"तुना कोनी सांगितलेला झाकाला?"

"कोनी नाय."

"मंग आथा क्याला सांगतेस? बोल्लो व्हतो मी, मशीन सांगंल तसा करू. मशीननं सांगितला. आथा तू बोलतेस वास व्हता, उद्या पर्फुल बोलंल व्हता, मी बोलीन नव्हता. कोनाचा खरा धरायचा?"

"तुमाला पन येतोच की वास."

तो तिच्याकडे न बघता दारातून बाहेर बघत राहिला. अंगणाच्या कडेला त्याच्या बापाने लावलेल्या चिंचेचा बुंधा होता, त्याला टेकून चाळीतल्या कुणाची तरी सायकल. "येतो," तो शेवटी म्हणाला. "वास आला म्हून बापाची जागा टाकून कुठं जाऊ? त्यो वास कोन बंद करनार हाय, मी का तू?" आणि त्याने टीव्हीचा रिमोट उचलला, पण टीव्ही काही लावला नाही.

मेघनाने सगळं ऐकलं होतं. तुळसाला वाटलं होतं ती चिडेल, निदान रडेल. तसं झालं असतं तर तिला जवळ घेता आलं असतं. मेघनाने फक्त वाफेच्या मशीनचं बटण बंद केलं, कारण औषध संपलं होतं. घरघर थांबली तसा खोलीत कृतिकाचा श्वास ऐकू यायला लागला. बारीक शिट्टी वाजावी तसा.

"आजी," मास्क काढल्या काढल्या कृतिका म्हणाली, "ती डब्बा घेऊन चालली?"

"हां, बाला."

"आता तू पहाटे वर नाही जाणार?"

तुळसाने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. वैशाली दारात चपला घालत होती. बॅग आता जड झाली होती, पट्टा खांद्यात रुतत होता. तुळसा तिच्यामागे अंगणापर्यंत गेली आणि तिने बॅगेचा पट्टा हाताने धरला. ओढला नाही, नुसता धरला, जसं पाहुण्याला अजून थोडं थांबायला सांगताना धरतात.

"मावशी," वैशाली म्हणाली, "माझ्या हातात नाही हो."

"म्हाईत हाय. तुज्या सरांना इचार. येवडाच इचार." तुळसाने एकदा मागे घराकडे बघितलं. खिडकीत कृतिकाचे खांदे वरखाली होत होते. "ही येक थंडी मशीन आमच्याकडं ऱ्हाऊ दे. मी नाय झाकनार."