भुरीच्या झोपडीतलं सूत

मिलचा भोंगा बंद पडून दुसरा हिवाळा आला, आणि संताजी मोहित्यांची भुरी डुकरीण पुन्हा व्यायला झाली. इंदूरच्या 'जुनी इंदूर' वस्तीच्या टोकाला, नाल्यापलीकडच्या उघड्या माळावर तिचं ठाणं. पणजोबा होळकरांच्या पागेत आणि पणतू डुकरामागं, म्हणून गल्ली हसायची. संताजी ऐकून घ्यायचा. बावीस वर्षं मिलच्या सूतखात्यात घालवलेल्या माणसाचं घर आता भुरीच चालवत होती.

गेल्या पौषात तिची नऊ पिलं गेली होती. चार थंडीनं ताठलेली, आणि पाचांच्या पाया-गळ्याला सुताचे फास. अंथरूण सुताचंच होतं, पण गाठ हातानंच बसते, एवढं सूतखात्यानं संताजीला शिकवलं होतं. मग हात कुणाचा? त्यानं मनात एकच नाव पक्कं केलं. वासुदेव. मिलच्या फाटकावर सुटीच्या वेळी प्रत्येकाची झडती घेणारा पहारेकरी. एकदा त्यानं साऱ्या पाळीसमोर संताजीला सदरा काढायला लावला होता. मिल बंद झाली तरी तो कुलूपबंद फाटकाशी बसून राही, आणि तिथून भुरीची झोपडी स्वच्छ दिसे.

या खेपेला संताजीनं कसर ठेवली नाही. झोपडीचं दार उत्तरेच्या वाऱ्याकडे पाठ करून ठेवलं, वर पत्रा, पत्र्यावर माती. शेजाऱ्यानं नवा रंगीत टीव्ही घेतला होता. त्याच्या खोक्याचे पुठ्ठे आतून लावले. आई कुशीवर पडताना पिलू भिंतीशी चेंगरू नये म्हणून वीतभर उंचीवर बांबू आडवे बांधले. बायको मंगला गौतमपुऱ्याहून माहेरचं गव्हाचं काड पोत्यात भरून घेऊन आली. संताजीनं ते पोतं कोपऱ्यात लोटलं. काड टोचतं, सूत म्हणजे ऊब. मशीन पुसायला मिळालेलं, वर्षानुवर्षं साठवलेलं सूत त्यानं गुडघाभर अंथरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मं सूत बाहेर चिखलात. त्यानं पुन्हा भरलं. तिसऱ्या दिवशी तेच. भुरीच्या आचळांना दूध उतरलं होतं. आता वेळ एक दिवसाची.

संताजी तडक फाटकाशी गेला. गेल्या वर्षीच्या फासांपासून चिखलातल्या सुतापर्यंत सगळं बोलला. वासुदेवनं ऐकून घेतलं, बिडी विझवली.

"संताजीराव, जनम गेला माझा खिसे तपासण्यात. तुमचा चोर बाहेर नाही, भिया, आत आहे. चला, बसून बघू."

दोघं कडुनिंबाखाली बसले, मध्ये दोन हात अंतर ठेवून. संताजीची नजर झोपडीपेक्षा वासुदेवच्या हातांवर जास्त होती.

ऊन कलायला लागलं तशी भुरी उठली. तोंडात सुताचा गुंता धरला, दाराशी आणला, मान झटकून भिरकावला. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. एक धागा तिच्या पुढच्या पायाला अडकला. तिनं पाय ओढला, गोल फिरली, तशी आपोआप गाठ बसली आणि आवळत गेली. ती मग बांधावर गेली, तोंडभर वाळलं गवत उपटून आणलं आणि आत अंथरू लागली.

 संताजी उठला, भुरीचा पाय मोकळा केला. मंगलाला हाक मारून पोतं मागितलं. सगळं सूत बाहेर काढलं, काड पसरलं.

तरी जीव थाऱ्यावर येईना. तो वासुदेवकडे न बघता म्हणाला, "तुझा हात सवयीचा आहे. झडती घे."

वासुदेव गुडघ्यांवर आत शिरला. काड मूठमूठ उचलून चाचपलं, बांबूखाली बोटं फिरवली. बाहेर आला तेव्हा तळहातावर तीन धागे होते.

सकाळी काडाच्या खळग्यात आठ पिलं भुरीच्या पोटाला बिलगली होती. संताजीनं तरीही एकेक उचलून चारही पाय पाहिले, गळा पाहिला. मग फाटकाकडे बघून आठ बोटं वर केली.