चुलीवरची कणसं

"अगं, तुझ्या घरी दारात कवट्या टांगत नाहीत का?"

सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. स्टुडिओतले सातही जण हसले. मीही हसले. ते हसू मला अजून छळतं.

नाशिकमधला छोटा स्टुडिओ. परदेशी व्हिडिओ गेमसाठी गावं, जंगलं, घरं संगणकावर उभी करायची, हे आमचं काम. त्या गेममध्ये जंगलातल्या शत्रूंची वस्ती हवी होती. खेळणाऱ्याने ती जाळायची. मी पेठ तालुक्यातली, आदिवासी. "हिला द्या, हिचं घरचंच आहे," सर म्हणाले. आणि मी मूर्खासारखी जीव ओतून आमचंच घर उभं केलं. शेणाने सारवलेला कारवीच्या काड्यांचा कूड, नागली साठवायची कणगी, चुलीवर टांगलेली बियाण्याची मक्याची कणसं. धुरामुळे त्यांना कीड लागत नाही.

"फार स्वच्छ झालंय. घाण कर. कणसं काढ, कवट्या लाव."

लावल्या. मी घाबरले होते. नोकरी गेली की निफाडला, आई आणि आबांबरोबर द्राक्षाच्या बागेत मजुरीला जायचं, हे ठरलेलं. सर मागे आले की ते सांगतील ते मी करायचे.

त्याच आठवड्यात बागेचं काम संपवून गावी जाताना आबा मला भेटायला आले. चपला हातात घेऊन आत आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. पडद्याकडे बघत राहिले.

"कूड तं आपलाच हाय," ते म्हणाले. "कणसं कुठं गेली, बाय?"

सरांनी मान वर केली. "काय म्हणतायत? ओळखलं का घर?"

"नाही सर. ते दुसरंच काहीतरी बोलतायत."

आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेले. भीतीपायी मी बापाला खोटं पाडलं होतं. कवट्या लावतानाही एवढी लाज वाटली नव्हती.

मी कवट्या काढायला लागले. एकेक. कणसं परत टांगली.

"हे काय चाललंय?"

"हे आमचं घर आहे सर. कवट्या लावणार नाही."

"मग उठ. दुसरा कुणीही लावेल."

ते खरंच होतं. म्हणून त्यांच्यासमोर मी ते घर पुसून टाकलं. अख्खं. आणि जिना उतरले.

अजूनही कुणी खुर्चीमागे येऊन उभं राहिलं की भीती वाटते. वाटू दे. घर मी पुन्हा उभं करीन. जाळायला देणार नाही.