शाल नको, मशीन दाखवा

रिपोर्टरची डायरी पुढून बातम्यांनी भरते आणि मागून किश्श्यांनी. बातम्या दुसऱ्या दिवशी रद्दीत जातात, किस्से मात्र साचत राहतात! यंदाच्या डायरीची मागची पानं एकाच ट्रस्टनं खाल्ली.

*

मुकुंदवाडीच्या सुमनबाईंनी उभं आयुष्य ब्लाउज शिवले. गुडघे गेले तेव्हा आपली पायमशीन त्यांनी या ट्रस्टला दिली, एखाद्या गरजू मुलीसाठी. दोन महिन्यांनी ऑफिसात जाऊन विचारलं, "माझी मशीन कोण चालवतंय? एकदा बघू द्या."

सेक्रेटरी उठले आणि त्यांनी बाईंचा सत्कार केला. शाल, नारळ, फोटो!

पुढच्या महिन्यात बाईंनी पुन्हा तेच विचारलं. दुसरी शाल!

*

बाई माझ्याकडं आल्या. मी सेक्रेटरींना फोन लावला.

"सर, आमच्यावर विश्वास नाही का?"

"विश्वास होता म्हणून तर बाईंनी मशीन दिली. आता मुलीचं नाव सांगा."

"असं करा ना, रविवारी आमच्याकडं प्रमुख पाहुणे म्हणून या!"

पूर्वी आम्हाला धमक्या यायच्या. आता शालीवर भागवतात!

*

रविवारी गेलो, पण करमाडला, ट्रस्टच्या शिवणवर्गात. बोर्ड मोठा, मशीन एकही नाही. शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, "उद्घाटनाला आल्या होत्या की! फोटो झाला अन् टेम्पोत गेल्या."

टेम्पोवाला नाक्यावरच भेटला. "साब, इधर फोटो हो गया ना? फिर खुलताबाद में भी तो उद्घाटन था!"

*

दोन्ही गावांचे फोटो ट्रस्टच्याच फेसबुकवर होते. सुमनबाईंनी चष्मा लावून पाहिले.

"पोरी दोन हायत, मशीन एकच. चाकावर नेलपॉलिशचा ठिपका दिसतोय ना? माझ्या लेकीनं लावलाय तो!"

बातमी छापली. ट्रस्टचा खुलासा आला: 'तांत्रिक अडचण.' पायमशीनला!

*

त्याच आठवड्यात दुसऱ्या एका संस्थेच्या मुली बाईंच्या गल्लीत शाळेची जुनी पुस्तकं मागायला आल्या. सरळमार्गी संस्था, मी ओळखतो. शेजारच्या रिक्षावाल्यानं दारातूनच सुनावलं, "आधी मावशीची मशीन दाखवा, मग बोला!"

मुली रिकाम्या हातानं परतल्या. माझं डोकं खरं फिरलं ते त्या दिवशी. लबाडी एकानं करायची आणि दार बंद व्हायचं दुसऱ्याच्या तोंडावर!

*

मग ट्रस्टचा वार्षिक मेळावा आला. 'आदर्श दाता' म्हणून सुमनबाईंना बोलावणं. मी पहिल्या रांगेत बसलो होतो.

बाई हळूहळू स्टेजवर चढल्या. तिसरी शाल अंगावर पडायच्या आत त्यांनी पिशवीतून एक घडी काढून उलगडली. आधीच्या दोन शाली हातानं जोडून शिवलेल्या, चारी कोपऱ्यांना नाड्या.

सेक्रेटरी माइकवर हसले, "बघा, बाईंनी आपल्यासाठी भेट आणलीय!"

"भेट नाय. मशीनचं कव्हर हाय."

बाई प्रमुख पाहुण्यांच्या रिकाम्या खुर्चीत टेकल्या. कव्हर मांडीवर नीट पसरलं.

"आणा मशीन. मापात बसतंय का बघते. तवर बसलेय मी."