आमचं पोट खातं

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, राव. ते आपोआप साठतात. वेळच्या वेळी मोकळे केले नाहीत तर जड व्हायला लागतं, जेवण जात नाही, बायको विचारते, "काय होतंय?" आणि आमच्या खात्याचं तर कामच होतं साठलेलं मोकळं करायचं! म्हणून आज बसलोच आहे.

सत्तर सालाच्या पुढची गोष्ट. पिंपरीला एका औषधाच्या कंपनीत होतो मी. शाळा सातवीत सुटली. मी नाही सोडली, मास्तरांनीच हात जोडले! कंपनीत आधी बाटल्या धुवायला होतो, तिथून उचलून मला डॉक्टर लेल्यांच्या हाताखाली टाकलं. लेले म्हणजे पुण्याच्या पेठेतला बारीक माणूस. कोटाला इस्त्री अशी की माशी बसली तर घसरावी. त्यांनी पोट साफ होण्यासाठी एक नवी पावडर काढली होती आणि ज्या कामगारांची खुशी असेल त्यांच्यावर ती तपासून बघायची होती. दारावरची पाटी लांबलचक इंग्रजी. आम्ही म्हणायचो, पोट खातं.

मुंबईच्या मोठ्या साहेबांनी डॉक्टरांना बजावलं होतं, "दिवाळीच्या आत गुण दाखवा, नाहीतर खातं बंद." खातं बंद म्हणजे डॉक्टर घरी आणि मी परत बाटल्या धुवायला! तर असा आमच्या दोघांचा संसार दुसऱ्यांच्या पोटावर चालला होता.

*

पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी कँटीनमध्ये सगळ्यांना गोळा केलं. स्टुलावर उभे राहिले आणि म्हणाले, "ज्यांना मलावरोधाचा त्रास आहे, त्यांनी कृपया हात वर करावा."

एकजण हळूच म्हणाला, "आधी त्रास सांगा, मग हात बघू."

मी पुढं झालो. "अरे, सकाळी कुणाकुणाला होत नाही?"

पाच-सहा हात वर आले, तेही कानापर्यंत. डॉक्टरांचा चेहरा पडला. म्हटलं, थांबा. "जो नाव देईल त्याला रोज तपासणीसाठी मशीन सोडून अर्धा तास पोट खात्यात बसायला मिळेल!"

राव, असे हात वर झाले की पंख्याला लागतील! त्यात आमच्या कंपनीच्या चाळीतला पठारेही. तो दिवसातून तीनदा टमरेल घेऊन जायचा, हे सगळ्या चाळीला ठाऊक. मी म्हटलं, "तुला कसला त्रास?"

"चौथ्यांदा होत नाही!"

*

या पठारेचं पोट मात्र खरंच बघण्यासारखं होतं. डॉक्टरांना आढळलं, सोमवार ते शनिवार गडी एकदम ठणठणीत, आणि रविवारी ठप्प. डॉक्टरांनी त्याला रविवारी काय खातो ते विचारलं, काय पितो ते विचारलं. पितो ते त्यानं निम्मंच सांगितलं. काही उलगडा होईना.

मला मात्र वेगळाच संशय आला. रविवारी सकाळी कंपनीच्या चाळीत त्याच्या खिडकीखाली उभा राहिलो, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि कंपनीचा भोंगा काढला. हुबेहूब! ऊंऊंऊं...

आतून भांडी पडल्याचा आवाज आला, दार उघडलं आणि पठारे टमरेल घेऊन धूम पळाला. परत आला तो खुशीत, पण जरा विचारात.

"आज रविवारी भोंगा कसा काय?"

म्हटलं, "ओव्हरटाइम आहे."

"कुणाचा?"

"तुझा!"

*

चाकणचा एकजण होता आमच्याकडं. त्याच्या घरी कांद्याचा व्यापार. डॉक्टर म्हणाले, "तपासणी चालू आहे तोवर कांदा बंद." त्यानं डॉक्टरांकडं असं बघितलं की जणू आईला घराबाहेर काढायला सांगितलंय.

"डॉक्टरसाहेब, तुमची पावडर बंद करा. माझा कांदा तिच्या आधीपासून कामावर हाय!"

*

मग डॉक्टरांच्या डोक्यात आलं की खाल्लेलं बाहेर पडायला किती वेळ लागतो ते मोजायचं. सकाळी एक लाल गोळी द्यायची, अपाय काही नाही, नुसता रंग. लाल दिसलं की येऊन वेळ सांगायची.

नेमकं त्या दिवशी कँटीनवाल्यानं बीटाची कोशिंबीर केली. त्या आठवड्यात बाजारात बीट फार झालं होतं. गड्यांनी वाट्या भरभरून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या दाराशी रांग! ज्यांनी गोळी घेतली ते होते, ज्यांनी घेतली नाही तेही होते. टाइमकीपर होता, वॉचमन होता, त्याचा चेहरा तर पांढराफटक. "डॉक्टर, मी जगतो का?"

डॉक्टर कपाळाला हात लावून बसले. तेवढ्यात आमचा युनियनचा पुढारी साबळे रांग मोडून पुढं आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की सगळ्यांचं लाल झालंय. छाती काढून म्हणाला,

"कळू द्या मॅनेजमेंटला! कामगार आतून लाल झालाय!"

*

हा साबळेच डॉक्टरांना सगळ्यात महागात पडला. डॉक्टर होते सरळ माणूस, त्यांनी सगळ्यांना आधीच सांगून टाकलं, "काहींच्या पुडीत औषध आहे, काहींच्या पुडीत नुसतंच पीठ. कुणाच्या पुडीत काय, ते तपासणी संपेपर्यंत मलाही कळणार नाही. शास्त्राची पद्धतच तशी आहे."

साबळे उठला. "म्हणजे काम एक आणि दर दोन?"

"अहो, हा दराचा प्रश्न नाही."

"ज्याला पीठ मिळालं त्यानं काय पाप केलं?"

डॉक्टरांनी पुष्कळ समजावलं. साबळे खाली बसला. डॉक्टरांना वाटलं, पटलं.

काही दिवसांनी डॉक्टर माझ्याकडं आले, डोळे चमकत होते. "अरे, विलक्षण! सगळ्यांना गुण आलाय, आणि सगळ्यांना सारखाच! थोडा थोडा, पण अगदी सारखा! असं जगात कुठं झालेलं नाही!"

मी म्हटलं, "कसं होणार? जगात साबळे नाही."

"म्हणजे?"

म्हणजे असं, की आमचे गडी डबेसुद्धा कधी एकेकट्यानं खात नसत. मधल्या सुट्टीत सगळे डबे एकत्र, ज्याला जे पाहिजे त्यानं ते घ्यायचं. मग पुड्या तरी वेगळ्या कशा राहतील? साबळेनं कँटीनमधून परात आणली होती. रोज सगळ्या पुड्या तिच्यात उपड्या करायच्या, हातानं कालवायच्या आणि प्रत्येकाला एकेक चमचा. भेदभाव नाही, गडबड नाही, साबळे स्वतः चमचा धरायचा!

डॉक्टर हातातली वही मिटून खुर्चीत बसले. मग बारीक आवाजात म्हणाले, "दिवाळी तोंडावर आली रे."

तेव्हा मात्र मला हसू आलं नाही. लगेच.

*

मग सगळं पहिल्यापासून. आता पीठ बंद, सगळ्यांना औषधच, आणि प्रत्येकानं माझ्यासमोर पुडी घ्यायची, वर पाणी प्यायचं, तोंड उघडून दाखवायचं. एकेकाला गुण येऊ लागला. राहिला एकटा कोंडीबा.

कोंडीबा इथल्या जुन्या शेतकरी घरातला. कंपनी उभी होती ती जमीनच त्याच्या घरची. जमीन गेली त्याबदल्यात त्याला नोकरी मिळाली, आणि नोकरी मिळाली त्या दिवसापासून पोट अडलं! एरंडेल झालं, इसबगोल झालं, आता डॉक्टरांची पावडर. ढिम्म. भिडस्त माणूस, कधी कुरकुर नाही. कंपनीत फिरताना मला दाखवायचा, "ह्यो बॉयलर हाय ना, हितं आमची इहीर. कँटीनपाशी हरबरा व्हायचा, लई ग्वाड."

डॉक्टरांनी एकदा त्याला समोर बसवून विचारलं, "पूर्वी त्रास नव्हता?"

"न्हाई बा. मागं वढ्याकडंला करंज व्हता आमचा. सकाळी त्याच्या आडोशाला जाऊन बसायचो. म्होरं पार पवना नदीपतुर हिरवंगार दिसायचं, वारं लागायचं. कदी अडलं न्हाई. आता दार लावून कडी घालायची म्हंजी कोंडवाड्यात घातल्यागत. अंग चोरतंय बगा."

"मनाचे खेळ आहेत ते," डॉक्टर म्हणाले. "डोस वाढवू."

ओढा केव्हाच बुजवला होता, करंज तोडला होता. त्या बाजूला आमची नवी लॅब झाली होती.

आणि डॉक्टरांचा भाबडेपणा बघा! त्यांनी मुंबईला कळवलं, आमचा सगळ्यात अवघड रोगी कोंडीबा. साहेबांचं उत्तर आलं, "बाकीचे राहू द्या. मी येतो आणि त्यालाच बघतो."

*

साहेब आले त्या दिवशी कंपनी नवरीसारखी सजवली होती. रीत अशी, की बडा माणूस यायचा म्हणजे कामगारांचे संडास धुवायचे, चुना मारायचा आणि साहेबांना स्वच्छ दिसावेत म्हणून दिवसभर कुलूप घालायचं! आत जायला कुणालाच परवानगी नाही. गडी पोटं धरून शिफ्ट काढायचे.

मीसुद्धा धावपळीत होतो. कोंडीबाची पुडी त्याच्या खिशात कोंबली आणि म्हटलं, "घे लगेच."

साहेबांची गाडी फाटकातून आत शिरली आणि इकडं कोंडीबा पोटावर हात ठेवून डॉक्टरांसमोर उभा.

"डॉक्टर, जरा हालचाल वाटतीया."

"हालचाल?" पहिलटकरणीच्या नवऱ्यानं विचारावं तसं डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय. पन जायाचं कुटं? समद्याला कुलपं!"

डॉक्टरांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि खिशातून लॅबच्या मागच्या भिंतीजवळच्या ऑफिसर लोकांच्या संडासाची किल्ली काढून त्याच्या हातात दिली. कामगारानं त्या दाराकडं बघायचीसुद्धा सोय नव्हती!

कोंडीबा आत गेला. पाठोपाठ साहेब आले. मुंबई ते पिंपरी गाडीत बसून आलेले. आल्या आल्या म्हणाले, "आधी टॉयलेट कुठे आहे?"

आता काय सांगणार! साहेब दाराबाहेर, डॉक्टर घामाघूम, मी भिंतीला चिकटलेलो. साहेबांनी दार ठोठावलं. आतून काय आलं असेल? गाणं! कोंडीबा मजेत गुणगुणत होता, मळ्यात मोट हाकल्यासारखं. साहेब एका पायावरून दुसऱ्या पायावर.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. कोंडीबाचा चेहरा असा, की देव भेटून आलाय. डॉक्टरांचे पाय धरायला वाकला. "मोकळा झालो!"

"हाच तो रोगी?" साहेब म्हणाले. "बस! हा चेहराच पुरे. पावडर मंजूर!" आणि धावत आत गेले.

मी डॉक्टरांना मिठी मारणार, तेवढ्यात कोंडीबानं खिशातून पुडी काढली. जशीच्या तशी. "आन हिचं काय करू? घ्यायची ऱ्हायलीच की गडबडीत!"

मी ती हिसकावून मुठीत दाबली. म्हटलं, "डॉक्टर, मी काही बघितलं नाही, तुम्हीही नाही!" डॉक्टरांनी माझी मूठ उघडली, पुडी घेतली आणि साहेब बाहेर येईपर्यंत हातात धरून उभे राहिले.

"सर, यानं आज औषध घेतलेलं नाही."

माझ्या डोळ्यांपुढं बाटल्याच बाटल्या दिसायला लागल्या.

साहेबांनी पुडी बघितली, डॉक्टर बघितले. "मग दिलंत काय याला?"

कोंडीबाच म्हणाला, "जागा दिली की सायेब! हितंच तर आमचा करंज व्हता. ह्या भिंती न्हवत्या तवा हितंच बसायचो आमी."

साहेबांनी त्या भिंतींकडं बघितलं, फरशीकडं बघितलं. मग हसू आवरेना, दाराची चौकट धरली. डोळे पुसत डॉक्टरांना म्हणाले, "लपवलं असतंत तर आजच बंद केलं असतं. पावडरची मंजुरी मागे घेतो, पण खातं चालू ठेवा, पुन्हा नीट तपासा. आणि या माणसाला एक किल्ली द्या. कायमची!"

कोंडीबानं किल्ली कपाळाला लावली, करदोट्याला बांधली. जरा घुटमळला. मग हळूच म्हणाला,

"सायेब, येवडं केलंसा... दार तेवडं काडता आलं तर बगा की!"