डिकीवरचा टॅग

माझ्या मावसाजींइतका नियमाचा माणूस अख्ख्या भिलाईत दुसरा झाला नाही, आणि होऊही नये. एका गावाला एक पुरतो. स्वतःच्या लग्नातसुद्धा मांडवाचे चारही खांब हलवून पाहिल्याशिवाय ते मंचावर चढले नव्हते, असं मावशी सांगायची. सगळी नोकरी त्यांनी स्टील प्लांटच्या मेंटेनन्समध्ये काढली. तिथे चालू यंत्राला हात लावायचा नसतो. आधी शटडाऊन घ्यायचं, म्हणजे यंत्र रीतसर बंद करून घ्यायचं, त्यावर आपला टॅग लटकवायचा आणि मगच पाना उचलायचा. ज्याने टॅग लावला त्यानेच तो काढायचा. दुसऱ्याने काढून यंत्र सुरू केलं तर आत काम करणाऱ्याचा जीव जाईल. नियम सोन्यासारखा आहे. मी त्याच प्लांटात कारकून आहे, मलाही तो पाठ आहे. फक्त मी तो घरी आणत नाही.

मावसाजींनी आणला. रिटायर होऊन सेक्टर २ चं क्वार्टर सोडलं आणि बोरसीतल्या घरात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून सहा टॅग केले. लाल रंग, त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘काम चालू है, हाथ न लगाएँ’. कुकरचं हँडल ढिलं झालं, टॅग. नळ गळतो, टॅग. एकदा त्यांनी गीझर दुरुस्त केला आणि टॅग काढायचा विसरून भंडाऱ्याला लग्नाला निघून गेले. भर जानेवारीत घरची माणसं चार दिवस थंड पाण्याने आंघोळ करत होती, आणि गीझर ठणठणीत होता. मावशीने फोन केला, “अजी, काढू का तो पत्रा?” तिकडून उत्तर आलं, “बिलकुल नाई! टॅग माहा आहे, मी आल्यावर काढीन.” आले, काढला, आणि सगळ्यांनी शिस्त पाळली म्हणून खूश होऊन पाव किलो जिलेबी आणली. मावशीला सर्दी झाली होती, तिला काही चव लागली नाही.

त्यांच्या पांढऱ्या गाडीचं वय मोठं आणि तिच्या डिकीचं कुलूप हट्टी. किल्ली फिरायची, पण झाकण वर यायचं नाही. कुणीतरी दोन्ही तळव्यांनी झाकण खाली दाबून धरायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याने किल्ली फिरवायची, तर ते उघडायचं. दाबायचं काम मावशीचं. मावसाजी किल्ली धरून क्रेनवाल्यासारखी शिटी वाजवत: एक शिटी म्हणजे दाब, दोन म्हणजे सोड. भर बाजारात हे चाले. कांदे ठेवायला डिकी उघडायची, तर भोवती दहा माणसं जमत आणि त्यातला एखादा मदत म्हणून तिसरी शिटी मारी. मी एकदा म्हणालो, “मावसाजी, नवीन कुलूप टाकून द्या ना.” ते मला दुखावल्यासारखे वाटले. म्हणाले, “कुलूप खराब नाई रे बाप्पा. त्याची आदत खराब आहे.” मग ते दर रविवारी ती आदत सुधारायला बसत, आणि सोमवारी ती थोडी जास्त बिघडलेली असे.

शेवटी एकदा नागपूरला जाताना पुऱ्या आणि वांग्याची भाजी डिकीत अडकली. शिट्या झाल्या, दाबून झालं, मावशीचे तळवे लाल झाले. नागपूर येईपर्यंत सगळे उपाशी. घरी परतल्यावर कशीबशी डिकी उघडली, डबा निघाला, पण मावसाजी लगेच पेचकस घेऊन कुलपापाशी बसायला लागले. तेव्हा मावशी तडातडा आत गेली, खिळ्यावरचा एक टॅग काढून आणला आणि डिकी धाडकन बंद करून तिच्यावर लटकवला. “आता याले हात लावान तं माह्याशी गाठ आहे! टॅग माहा. मीच काढीन.”

मावसाजींनी पेचकस खाली ठेवला. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असा अभिमान पसरला, जणू मावशीला प्रमोशन मिळालं. “नियम म्हंजे नियम,” ते मला म्हणाले. त्या दिवसापासून डिकी बंद. भाजी पुढच्या सीटपाशी, आणि गॅसचं सिलिंडर मागच्या सीटवर पट्टा बांधून बसायचं. त्याच्या शेजारी मी.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मावशी गेली. चार दिवसांचा ताप, बस. टॅग डिकीवर तसाच राहिला.

दोन वर्षं राहिला. मावसाजी रविवारी गाडी धूत, टॅग ओल्या फडक्याने पुसत आणि पुन्हा सरळ करून ठेवत. मी राहतो त्या रुआबांध्याहून महिन्यातून दोनदा जायचो, पण त्या विषयावर आम्ही बोलत नसू. मग यंदा त्यांची मुलगी प्रज्ञा आली. पुण्याला बँकेत अधिकारी आहे. पप्पांना सोबत न्यायचं तिने ठरवलं होतं, आणि तेही कुरकुरत का होईना तयार झाले होते. गाडीला गिऱ्हाईक मिळालं होतं, बाजारात कापड विकणारे एक गृहस्थ. त्यांची अट एकच: डिकी उघडली पाहिजे, गठ्ठे तिथेच ठेवायचे.

“पप्पा, टॅग ही तो है, निकाल दो ना,” म्हणत प्रज्ञाने हात पुढे केला. मावसाजींनी टॅगवर पंजा ठेवला. “तुहा आहे का?”

“पप्पा, परसों निकलना है!”

“तं गाडी इथंच राहीन. मीपन राहीन.”

प्रज्ञा रडकुंडीला आली. मलाही राग आला, मावसाजींचा आणि त्या पत्र्याचा. पण मग कारकुनी डोकं चाललं. मी विचारलं, “मावसाजी, टॅग लावनारा मानूस परत ड्यूटीवर येनारच नसन, तं प्लांटात काय करता?”

त्यांनी टॅगवरचा पंजा काढला. मग पाठ म्हणून दाखवल्यासारखं सांगितलं, “अधिकाऱ्याची सही. मशीनपाशी मानूस नाई, याची खात्री. अन् तीन खेपा आवाज द्याचा.”

घरात अधिकारी प्रज्ञाच होती. वहीच्या पानावर तिने सही केली, साक्षीदार म्हणून मी केली. मावसाजी आतून पिवळं हेल्मेट घालून आले, तेव्हा आम्हा दोघांना हसू आवरेना. त्यांनी गाडीला फेरी मारली. वाकून खाली पाहिलं. मागच्या सीटवर पाहिलं. मग प्लांटातल्या आवाजात गरजले, “कोई है क्या?” शेजारच्या गच्चीवरून दोन डोकी वर आली. दुसऱ्यांदा, जरा हळू, “कोनी आहे का?”

तिसऱ्यांदा ते डिकीच्या अगदी जवळ गेले. हेल्मेट काढलं.

“अवं, प्रज्ञाची माय,” ते म्हणाले, “काढू का वं?”

आमचं हसू कुठे गेलं कुणास ठाऊक. ते थांबून राहिले, खरंच उत्तराची वाट पाहत. मग त्यांनी टॅग काढला आणि सदऱ्याच्या खिशात घातला.

मी झाकण दाबलं, त्यांनी किल्ली फिरवली, डिकी उघडली. मग फुंकर मारून धूळ काढली, पेन्सिलीच्या शिशाची पूड कुलपात सोडली, खालचा हुक दोन सूत वर सरकवला आणि पेच आवळले. चहा निवायच्या आत काम झालं. डिकी बंद केली, किल्ली फिरवली, झाकण आपोआप वर आलं. कुणी दाबायची गरज नव्हती.

“बस इतना ही था?” प्रज्ञा म्हणाली. “तो इतने साल क्या कर रहे थे?”

मावसाजींनी दोनदा उगाचच डिकी उघडून बंद केली. “मंग तुही माय दाबाले कशाले आली असती?” ते म्हणाले, आणि चहा प्यायला आत गेले.

पुण्याला निघताना त्यांनी टॅगांचा जुडगा माझ्या हातात दिला. त्यात पाच होते. सहाव्याचं मी विचारलं नाही. परवा आमचा मिक्सर बिघडला तेव्हा मी त्यातला एक लावला, बायको चिडली, आणि मला दोघांचीही फार आठवण आली.