बिडीने बुडाली की किल्ल्याने

माझे शुद्धलेखन चुकते आणि अक्षर म्हणजे चिखलातून कोंबडी गेल्यासारखे. शाळा चौथीपर्यंतच झाली. कोणी वाचलेच तर सांभाळून घ्या. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून वहीत लिहिते.

तोंडवलीला आमच्या घरामागे पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत. त्या बांधायला माझ्या सासऱ्यांनी चुलतभावाकडून पैसे घेतले होते. हे माझे चुलत सासरे शेजारीच राहतात, मध्ये फक्त दगडाचा गडगा. दोघांचे वडील लढाईच्या काळात मुंबईहून येणाऱ्या एकाच आगबोटीत होते. ती बुडाली तेव्हा हे दोघे पाळण्यात होते, पण कशी बुडाली ते दोघांनाही डोळ्यांनी पाहिल्यासारखे ठाऊक.

"तुज्या बापाशीन काळोखात बिडी पेटवल्यान," सासरे म्हणतात, "ती पाणबुडीवाल्यांनी बघितली नि बोट फोडली!"

"खंयची बिडी?" गडग्यापलीकडून चुलत सासरे. "तुजो बापूस आरडलो, 'किल्लो बघा, किल्लो!' सगळी माणसा एका बाजूक धावली नि बोट कलांडली!"

म्हणजे एकाची बोट रात्री बुडते, दुसऱ्याची भरदुपारी. सासूबाई मला हळूच सांगायच्या की दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या. बोटीवरून वाचलेला एक खलाशी दोघे गेल्याचा निरोप द्यायला आला. आधी आमच्याकडे जेवला, मग त्यांच्याकडे. ज्यांच्या घरी जेवला, त्यांच्या माणसाला त्याने दोषातून सोडवले आणि दुसऱ्याच्या माणसावर बोट बुडवली.

एकदा भांडण इतके पेटले की चुलत सासरे म्हणाले, "जत्रेच्या गाऱ्हाण्यात सगळ्यांसमोर कबूल कर, बोट तुज्या बापाशीन बुडवल्यान. नायतर जत्रेच्या आधी माजे पैशे दी!"

सासऱ्यांनी जेवण टाकले. गाऱ्हाण्यात एखादी गोष्ट निघाली आणि गावाने "व्हय म्हाराजा" म्हटले, की ती देवासमोर पक्की होते. मग आमच्या घराला पिढ्यान्‌पिढ्या बोटबुडवे म्हणणार. पैसे तर हातात नव्हते. खोल्या रिकाम्याच असायच्या.

दिवाळीत एक पुण्याचे कुटुंब उतरले. संध्याकाळी गडग्यावर बोट बुडायला लागली तशी ती माणसे खुर्च्या ओढून बसली. मुलीने विचारले, "आजोबा, तुम्ही तर तेव्हा बाळ होता ना?"

"म्हणान काय झाला?" दोघेही एकदम ओरडले. जन्मात पहिल्यांदा ते एका बाजूने बोलले असतील.

त्या कुटुंबाने ओळखीच्यांना सांगितले. मग फोन येऊ लागले, "ते बोटवाले आजोबा तुमच्याकडेच ना?" पाहुणे यायचे, मासे खायचे, भांडण ऐकायचे. मी सोलकढी ठेवून आत पळायची. घरखर्च भागवून जो पैसा उरायचा तो गडग्यावरून पलीकडे जायचा.

चुलत सासऱ्यांच्या लक्षात हे जरा उशिरा आले. त्यांच्याच आरड्याओरड्याचे पैसे त्यांनाच मिळत होते आणि सासरे सुटत चालले होते. जत्रा जवळ आली आणि त्यांनी तोंडच बंद केले. पाहुणे बसलेले, सासरे एकटेच गोष्टीतली बिडी पेटवताहेत, आणि पलीकडे चुलत सासरे शांतपणे नारळ सोलताहेत. पाहुणे जांभया देऊ लागले. एकाने उद्याच निघतो म्हणून सांगितले.

सासऱ्यांचा चेहरा मला बघवेना. मी पदर खोचला, गडग्यापर्यंत गेले. म्हटले, "काकानू, तुमी गप आसास, म्हणजे बिडी होतीच मां?"

त्यांच्या हातातला नारळ खाली पडला. "कोण म्हणता? किल्लो बघूक कोण आरडलो?" आणि बोट जी कलंडली ती जेवणाची वेळ टळली तरी बुडतच होती. पाहुण्यांनी मुक्काम वाढवला. मी चुलीपाशी बसून पदर तोंडात कोंबून हसत होते.

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी सासऱ्यांनी राहिलेली रक्कम गडग्यावर ठेवली. चुलत सासऱ्यांनी थुंकी लावून दोनदा मोजली.

"पुरे झाले," ते नाइलाजाने म्हणाले. "आता कायएक रवला नाय."

"रवला हा," म्हणत सासऱ्यांनी वर आणखी दहाची नोट ठेवली. "ही तुज्या बापाशीच्या बिडीक."