पालखीमागचा तिसरा

रविवारी दुपारी पंचायतीच्या ओट्यावरून गुंडेरावनं आरोळी ठोकली, "भागे, आज राजाचा हाय गं! म्हातारीला घिऊन ये!"

भागाबाई दारात तूर पाखडत बसली होती. हातातलं सूप तसंच थांबलं. "आला का मेला पुन्हा," ती पुटपुटली आणि लगेच जीभ चावली. बायकांच्या तोंडात हा शब्द दिवसातून दहादा येतो. दूध उतू गेलं तरी मेलं, मांजर आडवं गेलं तरी मेलं. पण ह्या एका पिक्चरला तो लावायची तिला चोरी होती, कारण ह्या पिक्चरमधून तिचा नवरा यायचा.

पिक्चरला चांगलं लांबलचक नाव होतं, पण ठाणाकुशनूर गावात त्याला 'राजाचा' एवढंच म्हणत. पिक्चर काळापांढरा आणि जुना. एक राजा, एक कपटी दिवाण, एक किल्ला आणि अधूनमधून तलवारी. दूरदर्शनच्या कपाटात एकूण पिक्चर किती, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक; गावाचा अंदाज असा होता की आठ-दहाच्या वर नसावेत आणि त्यातलाही वरचा जो हाताला लागतो तोच लावत असावेत. एखादा म्हातारा नट वारला की राजाचा. सण आला की राजाचा. कशाचंच निमित्त नसलं तरी राजाचाच. गावातली पोरं दिवाणाच्या आधी दिवाणाची वाक्यं म्हणायची. बायका गाणं लागायच्या वेळेला बरोबर यायच्या, गाणं ऐकून घरी जाऊन भाकरी टाकायच्या आणि शेवटच्या लढाईला परत हजर व्हायच्या. टीव्हीच्या लाकडी पेटीची किल्ली गुंडेरावकडं असायची. लोक त्यालाच शिव्या घालायचे, जणू त्यानंच घरी बसून पिक्चर काढला होता.

सगळा गाव कंटाळला होता, पण उठून जायची मुभा गावाला होती. भागाबाईला ती नव्हती.

तिचा नवरा पिराजी म्हणजे उफराट्या डोक्याचा माणूस. छप्पन सालानंतर गावोगावच्या वस्त्यांनी धम्म घेतला तसा इथल्या वस्तीनंही घेतला, तेव्हा तो मिसरूड फुटण्याच्या वयाचा होता. इतरांनी देव जरा मागं सरकवले, कुणी भिंतीकडं तोंड करून ठेवले. ह्यानं आईच्या देव्हाऱ्यातले टाक टोपलीत घातले आणि मांजरा नदीच्या डोहात सोडून आला. त्याची आई पार्वतीबाई ऊर बडवून रडली. पुढं महिनाभर ती त्याच्याशी बोलली नाही, आणि बोलायला लागली तरी मनातून रुसलेलीच राहिली. जत्रेला देवीची पालखी निघायची, तिचा पुढचा मान गुंडेरावच्या घराकडं. पालखी वस्तीवरून जाताना सगळे हात जोडायचे आणि पिराजी हात पाठीशी बांधून ताठ उभा राहायचा. गुंडेरावचे वडील दात-ओठ खायचे. पिराजी म्हणायचा, "मी कुठं वाट अडवायलोय? जाऊ द्या की तुमची तुमी."

भागाबाई लग्न होऊन आली तेव्हा तिला ह्या माणसाची भीती वाटायची. नंतर अभिमान वाटायला लागला, आणि ती पुरती रुळते आहे तोवर पाऊस रुसला. रानात काम नाही म्हणून पिराजी हैदराबादला बांधकामावर गेला. सुरुवातीला सणावाराला यायचा. मग येणं थांबलं. लॉरीवर जाणारा बाबूलाल एकदा सांगत आला, "पिराजीभाई उधर फिल्लम की भीड में खडे रैने जाते बोलके सुन्या मैं." गर्दीत उभं राहायचं आणि रोजगार घ्यायचा, असलं काम असतं हे ऐकून वस्तीला हसू आलं. त्यानंतर बातमीही आली नाही. उदगीरहून भाऊ आला, म्हणाला, "भागे, किती दिवस बसायलीस अशी? पाट लावून देतो." ती म्हणाली, "यायचेत ते." भाऊ दोनदा आला, तिसऱ्यांदा आला नाही. मूल नव्हतं. सासू आणि सून अशा दोघीच एका चुलीपुढं उरल्या आणि बघता बघता वीस वर्षं गेली.

मग पंचायतीत टीव्ही आला आणि राजाचा पहिल्यांदा लागला.

पडद्यावर मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखे ठिपके नाचत होते. किल्ल्यातून देवीची पालखी निघाली, मागं रयतेची गर्दी. पालखीमागं तिसऱ्या माणसाचा रुमाल डाव्या कानावर कललेला होता. तसा रुमाल अख्ख्या मुलखात एकच माणूस बांधायचा.

"अगं बया! आत्या, आपले हायत ते! ते बघा, पालखीच्या मागं!"

पार्वतीबाईच्या डोळ्यांत तेव्हाच मोतीबिंदू उतरला होता. तिला टीव्ही म्हणजे उजेडाचा चौकोन दिसायचा. तिनं सुनेचं मनगट गच्च धरलं. ओट्यावर एकच कालवा झाला. ज्यांनी पिराजीला जन्मात बघितलं नव्हतं तेही ओळखायला लागले. गुंडेराव तर खूश होऊन ओरडला, "बघ म्हातारे, तुझा पिराजी पालखीला कसा वाकून हात जोडायलाय!" तेवढ्यात पालखी गेली, घोडे आले. डोळ्यांतल्या पाण्यामुळं भागाबाईला त्यातलं निम्मंही दिसलं नव्हतं, आणि गुंडेरावचं बोलणं तर तिच्या कानात शिरलंच नव्हतं. त्या रात्री दोघी पोटभर जेवल्या.

सहा-सात महिन्यांनी पिक्चर परत लागला. ह्या वेळी अँटेना नीट होता, चित्र लख्ख होतं आणि भागाबाईनं डोळ्यांत तेल घालून बघितलं. रुमाल होता तसाच कललेला. पण रुमालाखालचा माणूस कमरेत वाकून, डोळे मिटून, पालखीला हात जोडत होता. मनापासून जोडत होता. हा कुणीतरी दुसराच. कुणाचा तरी नवरा असेल, पण आपला नव्हे.

ती सांगणारच होती. पण मनगटावर सासूचा हात होता आणि म्हातारी विचारत होती, "आला का गं?"

"आला बघा," भागाबाई म्हणाली.

एकदा म्हटलं की मग सुटका नसते. त्यानंतर जेव्हा जेव्हा राजाचा लागला तेव्हा तेव्हा गावानं आठवणीनं तिला बोलावलं. लोकांना वाटायचं आपण पुण्य करतोय. बसायला पुढं जागा द्यायचे, पालखी जवळ आली की "गप बसा रे, पिराजीआबा यायलाय" म्हणून पोरांना दटावायचे. आणि भागाबाई परक्या माणसाकडं बोट दाखवून "आला बघा" म्हणायची. रानात दिवसभर खपून आल्यावर म्हातारीला धरून पावला-पावलानं ओट्यापर्यंत जायचं, दिवाणाची तीच वाक्यं ऐकायची, आणि सगळं कशासाठी, तर खोटं बोलण्यासाठी. रोजगार परवडला, पण हा पिक्चर नको, असं तिला व्हायचं. एकदा पालखी निघायच्या आधीच लाइट गेली, ती रात्रभर आली नाही. त्या दिवशी घरी परतताना दोघीही हलक्या पायानं चालत होत्या. म्हातारीला वाईट कसं वाटलं नाही, हा विचार भागाबाईच्या मनात आला आणि गेला.

आणि आज पुन्हा राजाचा. ज्वारी काढायचे दिवस. आठवडाभर मल्लव्वाच्या रानात रोजानं ताटं उपटून भागाबाईच्या तळव्यांना भेगा पडल्या होत्या. पाय सुजले होते. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि ठरवलं, आज बोलायचं नाही. पालखी येईल, जाईल, आपण तोंड उघडायचं नाही. म्हातारी विचारील तर खरं सांगून टाकायचं. रडली तर रडली. पण तिला ते रडं सोसेल का, ही धास्ती होतीच.

"आत्या, उठा. राजाचा हाय."

"व्हय? चल मग," म्हातारी म्हणाली आणि हातानं चाचपत काठी शोधायला लागली.

ओट्यावर माणसं थोडी होती. राजाला दया आली, दिवाणानं मिशी पिळली, पोरांनी त्याच्यासाठी वाक्यं म्हटली. किल्ल्याचा दरवाजा उघडला. ढोल वाजायला लागला. भागाबाईनं ओठ मिटून घेतले. पालखी आली. पहिला माणूस गेला, दुसरा गेला, तिसरा आला, वाकला, हात जोडले. भागाबाई बोलली नाही. मनगटावरचा हात वाट बघत राहिला, जरासा हलला.

मग म्हातारीच म्हणाली, "आला बघ, भागा."

भागाबाईनं चमकून तिच्याकडं बघितलं. उजेडाच्या चौकोनाकडं तोंड करून म्हातारी बसली होती आणि तिच्या तोंडावर आनंद वगैरे काही नव्हता. बाजारात ओझं घेऊन उभ्या राहिलेल्या बाईच्या तोंडावर असतो तसला नुसता शीण होता.

लढाई सुरू व्हायच्या आत दोघी उठल्या. वाटेत चिंचेखाली दगड होता, तिथं म्हातारीला दम लागला म्हणून बसल्या.

"आत्या, तुमाला दिसला का त्यो?"

"मला कुठलं दिसतंय? ढोल वाजला की पालखी येतीय, एवढं कळतंय आता."

"मग आला बघ कामून म्हनलाव?"

म्हातारीनं काठीनं माती उकरली. "तू म्हनली न्हाईस म्हनून. मला वाटलं, पोरीला आज दिसला न्हाई का काय. लई रडशील मग."

भागाबाईनं सगळा धीर गोळा केला. "आत्या, त्यो आपला न्हाई. दुसऱ्याच डावाला कळलं हुतं मला. त्यो पालखीला हात—"

"मला पैल्याच डावाला कळलं," म्हातारी म्हणाली.

"कसं?"

"त्यो गुंडेराव वरडला न्हाई का? तुझा पिराजी पालखीला वाकायलाय म्हनून." म्हातारीचा आवाज एकदम चढला. "माझ्या देव्हाऱ्याम्होरं वाकला न्हाई त्यो. मी पाया पडले त्याच्या, आई असून पडले, की नको रं टाकूस माजे देव डोहात. माझ्यासाठी वाकला न्हाई. आन् त्यो पिक्चरच्या लाकडी पालखीला वाकंल व्हय? त्यो माझा पिराजी न्हाई. माझा असा नव्हता."

इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी ती लेकावर रुसली होती, तीच गोष्ट म्हातारी आता ठासून सांगत होती.

"मग इतकी वर्सं यायलाव कामून माज्यासंगं? गुडघे धरायलेत, डोळ्यानं दिसत न्हाई..."

"तू दाखवायलीस म्हनून. त्यो दिसला म्हनलीस त्या राती तू पोटभर जेवलीस. लई वर्सांनी जेवलीस. म्हनलं, हिला दिसतोय तर दिसू दे."

"आन् मी तुमच्यासाठी यायले हुते, आत्या."

ह्यावर दोघींनाही हसू यायला हवं होतं आणि थोडं आलंही. ज्या पिक्चरला सगळा गाव शिव्या घालत होता तो ह्या दोघींनी एकमेकींच्या भल्यासाठी गावात सगळ्यांत जास्त वेळा बघितला होता. पण हसू ओठावरच थांबलं. पालखीमागचा माणूस गेला की पिराजी कुठंच उरत नव्हता. खोटा का होईना, तिथं तो हिंडत-फिरत होता, अंगात सदरा होता, डोक्याला रुमाल होता. आता त्याला कुठं बघायचं, हे दोघींपैकी कुणीच विचारलं नाही. म्हातारीनं हात पुढं केला, भागाबाईनं तिला उठवलं आणि दोघी घरी गेल्या.

उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या. एका रविवारी पंचायतीच्या ओट्यावरून पुन्हा आरोळी आली, "भागे, राजाचा हाय गं! तुजा पिराजी यायलाय!"

भागाबाई दारात आली. ओट्यावर माणसं होती, रस्त्यानं माणसं जात होती. तिनं पदर खोचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गुंडेरावअण्णा, आमचा न्हाई त्यो. आमचा पालखीला वाकत नव्हता. तुमाला तर म्हाईतच हाय की."

गुंडेराव टीव्हीच्या पेटीकडं वळला. कुणीतरी खाकरलं. भागाबाई आत आली, चुलीपुढं बसली आणि मग तिला रडू फुटलं. इतक्या वर्षांत ती अशी रडली नव्हती. यायचेत ते, यायचेत ते, म्हणत तिनं रडणं पुढं ढकललं होतं. म्हातारीनं तिला गप केलं नाही. ती जवळ सरकली आणि सुनेच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिचेही डोळे गळत होते.

अंधार पडता पडता ओट्याकडून ढोल ऐकू आला.

"पालखी निघाली वाटतं," म्हातारी म्हणाली.

"निघू द्या," भागाबाई म्हणाली, आणि डोळे पुसून तिनं भाकरीचं पीठ मळायला घेतलं.